पाववाले साहेबांची दोन वाक्यं

पाववाले साहेब मयताच्या घरी किती वेळ बसतात, हे सगळ्या मतदारसंघाला ठाऊक होतं. चहा येईपर्यंत आणि आलेला कप अर्धा होईपर्यंत. तेवढ्यात ते घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा हात हातात घ्यायचे, खाली जमिनीकडे बघायचे आणि म्हणायचे, "माणूस मोठ्या मनाचा होता." मग जरा थांबून, उठता उठता, "काही लागलं तर हक्कानं सांगा." बाहेर गाडी चालूच असायची. ती बंद करायची नाही अशी ड्रायव्हरला सक्त ताकीद होती. गाडी बंद दिसली की घरातली माणसं आणखी बसा म्हणतात, आणि आणखी बसलं की पुढचं घर राहतं, असं साहेबांचं गणित होतं.

गेलेला माणूस कसा होता याच्याशी त्या वाक्याचा काही संबंध नव्हता. शेजाऱ्याच्या हातभर भिंतीसाठी जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला एक महाभाग गेला, तेव्हाही साहेबांनी तो मोठ्या मनाचा होता असंच सांगितलं. त्याचा मुलगा मान खाली घालून हसला म्हणतात. मत मात्र त्यानं साहेबांनाच दिलं, कारण साहेब निदान आले तरी होते.

आणि खोटं कशाला बोला, सुरुवात अशी नव्हती. साहेब तेव्हा साहेब नव्हते. बापाची छोटी बेकरी होती, घराच्या मागच्या अंगाला एक भट्टी. थोरला भाऊ, दादा, भट्टीवर असायचा आणि धाकटा सायकलला टोपली बांधून घरोघर पाव टाकायचा. पाव टाकणाऱ्याला घराची जेवढी खबर असते तेवढी सख्ख्या नातेवाइकाला नसते. एखाद्या घरानं रोजच्यापेक्षा एक पाव कमी घेतला, की कोणी परगावी गेलंय, कोणी अंथरुणाला खिळलंय, नाहीतर कोणी उरलेलं नाही. असाच एकदा गल्लीतल्या शिंप्यानं एक पाव परत केला. नको, म्हणाला, आता एक कमीच देत जा. बायको गेली होती. धाकट्यानं सायकल भिंतीला लावली आणि त्याच्या पायरीवर जाऊन बसला. बोलायला काही सुचलं नाही म्हणून बोलला नाही. दोघं दुपारपर्यंत तसेच बसून राहिले. टोपलीतला पाव वाळला, गिऱ्हाइकं बोंबलली, बापानं घर डोक्यावर घेतलं. दादा काही न बोलता दुसरा घाणा काढून उरलेल्या घरांना पोचवून आला.

पुढं धाकटा नगरपालिकेला उभा राहिला तेव्हा हाच शिंपी गळ्यात माप टाकून दारोदार हिंडला. "हा पोरगा माझ्या दारात बसला होता," एवढंच सांगायचा. समोरच्या उमेदवारानं भाषणात हिणवलं, की आता पाववाले आपल्यावर राज्य करणार. धाकट्यानं ते नाव उचललं आणि भिंतींवर रंगवून घेतलं. निवडून आला, आणि तिथून जी पायाला भिंगरी लागली ती लागलीच.

नगरपालिकेतून विधानसभा. एकदा पडले, पुन्हा आले. पक्ष फुटला तेव्हा कुठल्या तुकड्याबरोबर जायचं याचा अंदाज त्यांना बरोबर आला, त्याच्या पुढच्या वेळी साफ चुकला. मधे काही महिने राज्यमंत्रीही झाले, छपाई आणि लेखनसामग्री खात्याचे. राज्यातल्या टाचण्यांचा कारभार माझ्याकडे आहे, असं ते स्वतःच हसून सांगायचे. तोंडात साखर आणि डोक्यावर बर्फ, एवढ्या भांडवलावर माणूस राजकारणात बराच लांब जातो. गावाबाहेर ब्रेडचा कारखाना उभा राहिला, यंत्रं आली, साहेबांच्या नावाची पाकिटं शेजारच्या जिल्ह्यांत जाऊ लागली. नाव साहेबांचं आणि राबणं दादाचं. पीठ कोणाकडून घ्यायचं, कुठलं यंत्र कुरकुरतंय, कोणता कामगार घरी भांडून आलाय, हे सगळं दादा बघायचा. साहेब गावभर लष्कराच्या भाकऱ्या भाजत फिरले आणि घरची भट्टी भावानं तापती ठेवली. कारखाना झाल्यावरही घरामागची ती जुनी भट्टी दादानं मोडू दिली नाही. घरापुरता आणि गल्लीपुरता पाव तो तिथंच काढायचा.

घर एकच होतं. खाली दादा आणि वहिनी, वर साहेब. साहेबांची बायको मुलाच्या संसाराला हातभार लावायला म्हणून दूरच्या शहरात गेली ती तिकडचीच झाली. तिलाही दोष देता येत नाही. ज्या घरात नवरा फक्त कपडे बदलायला येतो, तिथं बाईमाणसानं राहायचं ते कोणासाठी? साहेबांना जेवण खालून जायचं. ताट झाकून ठेवायचं, पाठवून द्यायचं आणि बहुतेक वेळा तसंच परत आणायचं, हे काम वहिनींनी इतकी वर्षं केलं, की कोणी ते केलं म्हणून मोजलंसुद्धा नाही.

मग दादा गेला. कारखान्यात पिठाच्या पोत्यांशी उभा होता, खाली बसला, आणि उठला नाही.

साहेब दौऱ्यावर होते. पोचायला संध्याकाळ झाली, तोवर माणसं स्मशानातून परतली होती. त्या दिवशी आधीच तीन घरं झाली होती, अंगात ताप होता, आणि मागे नेहमीची चारपाच माणसं होती. साहेब आत आले. बैठकीत बायका बसल्या होत्या, कोपऱ्यात वहिनी होत्या. साहेब त्यांच्यासमोर बसले. त्यांचा हात हातात घेतला, खाली जमिनीकडे बघितलं. कोणीतरी चहा आणून ठेवला. साहेब म्हणाले, "माणूस मोठ्या मनाचा होता." जरा थांबले. कप अर्धा झाला. "काही लागलं तर हक्कानं सांगा," म्हणाले, आणि उठले. दाराबाहेर पडले, गाडीत बसले, गाडी हलली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत गेल्यावर ड्रायव्हरनं आरशात बघून हळूच विचारलं, "साहेब, आता कुठं?"

तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच घरातून उठून आलोय.

परत गेले. पण परत जाऊन करणार काय? बंदुकीची गोळी आणि तोंडचा शब्द, दोन्ही सुटले की सुटले. बैठकीतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. वहिनी आत निघून गेल्या होत्या. त्या दिवसापासून त्या साहेबांशी एक अक्षर बोलल्या नाहीत. ताट मात्र वर जात राहिलं, झाकलेलं, वेळच्या वेळी. भांडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर साहेबांनी निभावून नेलं असतं. मोर्चे पांगवलेला माणूस तो. पण न बोलणाऱ्या बाईपुढं त्यांचं काही चालेना. थकवा तर आधीचाच होता, हाडांत मुरलेला. आता जिना चढताना त्यांना मधल्या पायरीवर थांबावं लागे. खालून भट्टीचा वास येत नसे. घर मेल्यासारखं झालं होतं, आणि ते तसं होण्यात आपला हात आहे, हे साहेबांना कळत होतं.

महिना सरता सरता कामवाल्या बाईकडून कळलं, की वहिनी कायमच्या लेकीकडे चालल्यात. सामान बांधून झालंय, जावई दुपारी गाडी घेऊन येणार.

त्याच दिवशी साहेबांना राजधानीत बोलावणं होतं. या वेळी उभं राहायचं की नाही, ते पक्षाला समोरासमोर सांगायचं होतं. सांगायला पोचले नाहीत तर तिकीट दुसऱ्याला, हे उघड होतं. दुसरा कोण तेही ठरलेलं होतं, पांढऱ्याशुभ्र कपड्यातला त्यांचाच एक चेला. सकाळी साहेब तयार होऊन खाली आले. दारात गाडी चालू. पाऊल गाडीकडे पडलं आणि थांबलं. वहिनी गेल्या तर या घरात आपल्याला साहेब न म्हणणारं कोणी उरणार नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. ते वळून आत गेले.

बैठकीत एक बॅग आणि दोन पिशव्या होत्या. वहिनी खुर्चीवर बसून चष्मा पुसत होत्या. साहेब समोर बसले आणि सवयीनं त्यांची नजर जमिनीकडे गेली. ती त्यांनी वर ओढली.

"वहिनी, जाऊ नका," ते म्हणाले. "त्या दिवशी चुकलं माझं. दमलो होतो. सवयीनं तोंडातून गेलं."

वहिनींनी चष्मा लावला. मग बोलल्या, आणि आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"भाऊजी, काही लागलं तर हक्कानं सांगा म्हणालात. तर सांगते. ह्यांच्याबद्दलची एक गोष्ट मला सांगा. दुसऱ्या कोणाला चालणार नाही अशी. एकच."

साहेबांनी तोंड उघडलं. दादा कष्टाळू होता. हे कोणालाही चालतं. दादानं कधी तक्रार केली नाही. हे तर ते दर महिन्याला कुठं ना कुठं म्हणत आले होते. भावाचा चेहरा डोळ्यांपुढं आणायला गेले तर कारखान्याच्या उद्घाटनाचा फोटो आला, आणि त्यातही दादा कडेला अर्धाच होता. आवडतं काय होतं, पाय कुठला दुखायचा, झोप लागायची की नाही, शेवटचं दोघं एकत्र कधी जेवलो? शिंप्याच्या बायकोच्या पावाचा हिशेब अजून पाठ होता. सख्ख्या भावाचं काहीच नव्हतं. बाहेर गाडी घुरघुरत होती. फोन वाजला, वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"मला काही माहीत नाही, वहिनी," साहेब म्हणाले. "मला माझ्या दादाचं काहीच माहीत नाही."

वहिनींनी मान हलवली. "हे बाकी खरं बोललात."

मग पदर सारखा करून त्या सांगायला लागल्या, हळूहळू, आधी जरा अडखळतच.

"आणि मोठ्या मनाचे वगैरे काही नव्हते हे. चांगले खुनशी होते. तुमच्यावर चिडून असायचे. तुमच्या भाषणाला कधी आले नाहीत, ते कामामुळं नाही, रागानं. पण दारात तुमची गाडी वाजली की हातातलं काम टाकून म्हणायचे, 'आला.' मग ऐकत बसायचे. गाडी बंद होतेय का ते. ती बंद व्हायची नाही. जरा वेळानं आवाज लांब गेला की म्हणायचे, 'गेला.' आणि पुन्हा कामाला लागायचे. रोज. मी म्हणायचे, अहो, वर जाऊन बोला ना. तर म्हणायचे, गाडी बंद करू दे त्याला, मग जातो."

साहेब गुडघ्यावर हात टेकून उठले. वहिनींनी तोंड फिरवलं. उठणं त्यांच्या ओळखीचं होतं.

साहेब दारापर्यंत गेले. ड्रायव्हरनं घाईघाईनं मागचं दार उघडलं, उशीर होतोय म्हणाला, राजधानीतून दोनदा फोन येऊन गेलाय म्हणाला.

"गाडी बंद कर," साहेब म्हणाले.

ड्रायव्हरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो तसाच दार धरून उभा राहिला. साहेबांनी स्वतः पुढं होऊन, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. गल्ली एकदम शांत झाली, इतकी की समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीतून डोकावून बघितलं.

आतून वहिनींनीही ते ऐकलं असावं. साहेब परत आत आले तेव्हा बॅग होती तिथंच होती, आणि वहिनी तोंडावर पदर धरून रडत होत्या, महिनाभरात पहिल्यांदा. साहेब त्यांच्यासमोर खाली, जमिनीवरच बसले. जावई यायला अजून अवकाश होता.

"पुढं सांगा," ते म्हणाले.