शिवमूर्तीआप्पांची मांजरांची वही

गंगाखेडला निजामाच्या सरकारी शाळेत, म्हणजे मदरशात, मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा घरी आणलेले उर्दूत भरलेले हजेरीपट उंदरांनी कुरतडले आणि माझी पाचावर धारण बसली. तपासणी तोंडावर आलेली. कुणीतरी म्हणाले, मोंढ्यातल्या शिवमूर्तीआप्पांकडे जा. आप्पांची त्या धान्यबाजारात अडत. पोत्यांवर सात-आठ मांजरे निवांत पसरलेली. आज ज्यांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे, त्यांचा माझा परिचय झाला तो असा, घाबऱ्याघुबऱ्या.

गावठी मांजरी आणि हैदराबादहून आलेला एक केसाळ इराणी बोका, यांची ती मिश्र प्रजा. कोणत्या मांजरीला कोणत्या रंगाची पिल्ले झाली, हे आप्पा दहा वर्षे एका वहीत टिपत आले होते. तीनरंगी पिल्लू दिसले की ते उचलूनही न पाहता "मादी" म्हणत. आमच्या देखत कधी चुकले नाहीत. "नुसत्या दुधावर मांजर जगत न्हाई, मास्तर," असे बजावून त्यांनी मला निळ्या डोळ्यांचे एक पांढरे पिल्लू दिले.

पिल्लू हाकेला येईना. मी चिडलो, मला राग लवकर येतो आणि काळजी त्याहून लवकर. तक्रार ऐकून आप्पा स्वतः घरी आले. त्यांनी पिल्लाच्या पाठीमागे पितळी परात आपटली. पिल्लू हलले नाही. "माझंच चुकलं. निळ्या डोळ्याचं पांढरं पिल्लू, देण्याआधी कान बघायला पायजे व्हते," असे म्हणता म्हणता ते थांबले. पिल्लाशेजारी पाठमोरी बसून माझी दोन वर्षांची कमल गहू चिवडत होती. तिनेही मान वळवली नव्हती.

आप्पांनी मला बाहेर नेले. "लेकराला परभणीला डाक्टरला दाखवा. उद्याच." आगगाडीत मी सबंध वाट तिच्या पाठीमागे टाळ्या वाजवीत होतो, उतारूंना वाटले, मास्तर लेकराला खेळवतो आहे. डॉक्टरांनी तपासले. कमलला जन्मापासून ऐकू येत नव्हते.

घरी आईने सुनेला धारेवर धरले. ग्रहणात विळीला हात लावलास, त्याचे हे फळ, असे तिचे म्हणणे. पत्नीने अन्न टाकले. मला आईपुढे तोंड उघडण्याचे धैर्य झाले नाही, हे लिहिताना आजही लाज वाटते. हे कळताच आप्पा वही घेऊन आले आणि आईसमोर बसून पांढऱ्या पिल्लांची पाने वाचू लागले: हे बहिरे, हे ऐकणारे, हे बहिरे. "काकू, यातल्या कोणत्या मांजरीनं ग्रहणात विळी धरली व्हती? मांजरात हे रक्तातून येतंय. माणसाचं मला ठावं न्हाई. पर सुनंचा दोष म्हणायला मला काय आधार दिसंना." संध्याकाळी आईने सुनेला स्वतः ताट वाढले.

बहिऱ्या मांजराला मागून उचलू नये, पाय आपटून जमिनीतून चाहूल द्यावी, आधी समोर यावे, हे सारे आप्पांनी आम्हांला शिकवले. त्यातले निम्मे आम्ही कमलसाठी शिकलो, हे सांगायला मला संकोच नाही.

कमल आता अकरा वर्षांची आहे. ओठ पाहून तिला पुष्कळ कळते, पण लोक तोंड फिरवून बोलतात. माझ्यामागे तिचे कसे होईल, हा घोर मला जेवताना, शिकवताना सुटत नाही. आप्पा मात्र गिऱ्हाईक खोळंबले तरी गादीवरून उतरून तिच्यासमोर बसतात आणि सावकाश बोलतात. म्हणून त्यांच्यासाठी निरोगी, दीर्घ आयुष्य मागताना मी निःस्वार्थी आहे असे म्हणत नाही. आप्पांनी शंभरी गाठावी. आमच्याखेरीज तिच्याकडे तोंड करून बोलणारे गावात तेवढे एकच माणूस आहे.