उभ्याउभ्या केलेली सही

माझ्या बायकोला बसलेली पाहायची असेल तर तिचा निवडणुकीचा फोटो बघावा. त्यात ती खुर्चीत बसली आहे, आणि तेही फोटोवाल्याने दोनदा दटावलं म्हणून. एरवी तिच्या पायाला भिंगरी. चहा ओट्याशी उभी राहून पिते, पेपर दारात उभी राहून वाचते, माझ्याशी भांडायचं असलं तरी एका पायात चप्पल चढवून भांडते. मी घड्याळं दुरुस्त करतो. दिवसाचे नऊ तास एका स्टुलावर, एका डोळ्याला भिंग लावून. आमचा संसार टिकला कसा, याचं मलाच नवल वाटतं.

हे उभं राहणं तिला नोकरीने लावलं. एकोणीस वर्षं ती पाणीखात्यात मीटर वाचायला होती. दिवसाला दोनशे दारं. मीटरचं झाकण उघडायचं, आकडा बघायचा, घरातल्या कार्डावर लिहायचा, कार्ड तळहातावर धरून सही ठोकायची आणि पुढच्या दाराकडे वळायचं. खरं तर सही करतानाच तिची नजर पुढच्या दारावर असे. अर्धा सेकंद लागायचा. मी सेकंदांवर पोट भरणारा माणूस आहे, मोजून सांगतोय.

कुणाचा नळ गळतो, कोण मीटर फिरू नये म्हणून त्याला चुंबक लावून ठेवतो, कुणाच्या विहिरीचं पाणी कधी आटतं, सगळं तिला तोंडपाठ. नोकरी सोडली तेव्हा लोकांनीच तिला नगरपालिकेला उभं केलं. तिच्या पत्रकावर एकच ओळ होती, ‘ओढा उघडा राहील.’ आमच्या गल्लीच्या मागून जाणारा हा ओढा म्हणजे तेव्हा निव्वळ उकिरडा होता, आणि तो झाकून टाकावा असंच सगळे म्हणत. निवडून आल्यावर ही बया पुन्हा दारोदार फिरली. आता मीटरऐवजी कचऱ्याच्या बादल्या उघडून बघायची. ओला वेगळा, सुका वेगळा. नाही केला तर तिथेच उभी राहून करायला लावायची. लोक तिला बघून दार लावून घेत. तिने मागच्या दाराने जाऊन गाठलं. दोन वर्षांत ओढ्याचा तळ दिसायला लागला. पाणी वाहत खालच्या तळ्याला जायला लागलं आणि तळ्याखालच्या वस्तीतल्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिलं. मला तिचा अभिमान वाटत होता. तिला मात्र मी तो कधी सांगितला नाही, कारण ऐकायला ती थांबायला तर हवी.

आता त्या कागदाबद्दल.

नगरपालिकेत कुठलाही ठराव आणायचा तर दोन सह्या लागतात. मांडणारा तो सूचक आणि त्याला दुजोरा देणारा तो अनुमोदक. सभासद एकमेकांना अनुमोदन देतात ते शेजारणी एकमेकींना वाटीभर साखर देतात तसं. आज तू माझ्या ठरावावर सही कर, उद्या मी तुझ्या ठरावावर करते. वाचत कुणीच नाही. सभेतही सचिव नुसता विषयाचा क्रमांक पुकारतो आणि सगळे ‘मंजूर, मंजूर’ म्हणून मोकळे होतात. कधी कधी आकडा पूर्ण व्हायच्या आत.

तिथे एक जुने सभासद आहेत. सभागृहातही काळा चष्मा काढत नाहीत, म्हणून सगळे त्यांना गॉगलवाले म्हणतात. एके दिवशी ते माझ्या दुकानात आले. हातातलं घड्याळ काढून काचेवर ठेवलं. म्हणाले, “साहेब, याला हात लावायचा तर तुम्हीच. बाकीच्यांवर आपला भरवसा नाही.” तीस वर्षांत मला कुणी साहेब म्हणालं नव्हतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो, अगदी शेंड्यापर्यंत. जाताना त्यांनी एक पाकीट ठेवलं. “वहिनींची एक सही हवी होती. सुशोभीकरणाचा विषय आहे. त्या धावपळीत असतात, सापडतच नाहीत. तुम्ही घेऊन ठेवा ना.”

संध्याकाळी ती दुकानावरून धावत चालली होती. शाळेजवळ पाइप फुटला होता. मी हाक मारली, पाकिटातल्या ठरावाचं शेवटचं पान वर काढून काचेवर ठेवलं आणि पेनासाठी खिसा चाचपायला लागलो.

“कशाचं आहे?” तिने विचारलं.

“सुशोभीकरण. गॉगलवाल्यांचं.”

“बरं.” तिने स्वतःचं पेन काढलं. अर्धा सेकंद. आणि ती गेलीसुद्धा.

आठ दिवसांनी ओढ्याकाठचा रोपवाला घरी आला. तिथे त्याची छोटीशी रोपवाटिका आहे, ओढ्याच्या पाण्यावर चालणारी. हातात त्याने भिंतीवरून उपटलेली नोटीस होती, चारही कोपऱ्यांना अजून गिलावा चिकटलेला. ओढ्यावर स्लॅब टाकून वर वाहनतळ करायचा ठराव. तळ्याच्या तोंडाशी भिंत घालून ओढ्याचं पाणी गटाराला वळवायचं. खाली सूचक म्हणून गॉगलवाल्यांचं नाव आणि त्याच्या शेजारी अनुमोदक म्हणून हिचं.

“ताई,” रोपवाला म्हणाला, “छापताना चूक झाली असेल ना?”

तिने नोटीस दोनदा वाचली. “नाही,” ती म्हणाली, “सही माझी आहे.”

दारातल्या कुंडीतलं वाळलेलं पान त्याने सवयीने खुडलं, खिशात टाकलं आणि निघून गेला.

मग मी काय केलं? मी तिच्यावर ओरडलो. “वाचायला काय होतं तुला? बूड टेकून दोन मिनिटं वाचायला काय होतं?” तळपायाची आग मस्तकात गेली होती माझी, आणि ती आग माझी मलाच लागलेली होती, हे मला ओरडताना पक्कं माहीत होतं. पाकीट मी घेतलं होतं. शेवटचं पान मी वर काढलं होतं. साहेब मी झालो होतो. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नोटिशीची घडी घातली.

पुढचे दिवस घरात कुणाला चैन नव्हतं. ती स्वयंपाकघरातून दारात, दारातून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची. ओढ्यावर जायची आणि लोक दिसले की दुसऱ्या वाटेने परत यायची. एकोणीस वर्षं ज्यांच्या दारात ती हक्काने उभी राहिली, त्या दारांवरून आता ती मान खाली घालून जात होती. दुकानात माझ्या हातून एका बाईच्या घड्याळाचा काटा वाकला. गॉगलवाल्यांचं घड्याळ तर मी उघडून ठेवलं होतं ते तसंच पडलं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. ती स्पीकर लावून भांडी घासत होती, म्हणून मलाही ऐकू आला.

“वहिनी, मनाला लावून घेऊ नका. तुमचा ओल्या कचऱ्याच्या शेडचा विषय तीन वर्षं पडून आहे ना? याच सभेत करून टाकू. शब्द माझा.”

“आणि ओढा?”

“ओढा कुठं जातोय? स्लॅबच्या खालून वाहील की.”

“तळ्याला कसा जाईल?”

“अहो, तुम्ही आता सगळं वाचायला लागलात वाटतं!” आणि ते मनापासून हसले.

ती शेड तिला किती हवी होती, हे मला माहीत आहे. तिने नकाशा स्वतः काढला होता, माझ्या पट्टीने. फोन ठेवून तिने घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

सभेला मी वरच्या सज्जात बसलो. सोबत रोपवाला आणि गल्लीतली दहा-बारा माणसं. आजवर त्या सज्जात कुणी फिरकत नसे, बाकांवर बोटभर धूळ होती. खाली सचिव विषय पुकारत होता आणि ‘मंजूर’ पडत होते. सतरा, मंजूर. अठरा, मंजूर. ओढ्याचा विषय एकोणीस. आकडा तोंडातून बाहेर पडायच्या आत ती उभी राहिली.

“या ठरावाचं माझं अनुमोदन मी मागे घेते,” ती म्हणाली.

नगराध्यक्षांनी मान वर केली. “कारण?”

“मी न वाचता सही केली होती.”

खाली हशा पिकला. कुणीतरी बाक वाजवला. सचिव विचारत होता, “हे इतिवृत्तात लिहायचं का?”

“लिहा,” ती म्हणाली. “जसंच्या तसं लिहा.”

तेव्हा गॉगलवाले सावकाश उठले. त्यांनी आधी वर सज्जाकडे पाहिलं. डोळे दिसत नव्हते, पण पाहिलं ते माझ्याकडेच. “वहिनींनी सभागृहाला एवढंही सांगावं,” ते म्हणाले, “की सहीसाठी कागद त्यांच्यापुढे कुणी ठेवला? म्हणजे त्यांच्या प्रभागाचा कारभार नक्की कोण बघतं, ते तरी कळेल.”

रोपवाला माझ्या शेजारीच होता. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. एक नाव घेतलं की ती सुटत होती. बिचारी भोळी बाई, नवऱ्याने फसवली, असं म्हणून लोकांनी तिला पदरात घेतलं असतं. आणि घ्यायला हवंच होतं तिने नाव, खरं तेच होतं. मला उठून ओरडावंसं वाटलं, की ठेवला मीच! पण पाय हलले नाहीत. बसायची सवय माझी.

तिने वर पाहिलं नाही.

“पेन माझं होतं,” ती म्हणाली.

हशा थांबला असं नाही, पण उतरला. सचिव म्हणाला, अनुमोदकाशिवाय विषय घेता येत नाही, दुसरं कोणी अनुमोदन देतं का? तीन हात लगेच वर गेले.

“जरूर द्या,” ती म्हणाली. “फक्त देणाऱ्याने आधी उभं राहून सातवं पान मोठ्याने वाचावं. वर लोक बसलेत, त्यांनाही कळू दे.”

सातव्या पानावर तळ्याचं तोंड बंद करायचं होतं. एक हात खाली आला. दुसऱ्या हाताने केस सारखे केले. तिसऱ्या सभासदाच्या टेबलावर ठरावाची प्रतच नव्हती. तो शेजाऱ्याची शोधायला लागला, शेजाऱ्याची घरी होती. नगराध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला. रद्द नाही, तहकूब. विसाव्या क्रमांकाला तिच्या कचऱ्याच्या शेडचा विषय होता. त्याला सूचक ती, अनुमोदक गॉगलवाले. त्यांनीही उभं राहून आपलं अनुमोदन मागे घेतलं.

घरी येताना ती माझ्या दहा पावलं पुढे चालत होती, नेहमीसारखी. ओढ्याच्या पुलावर मी तिला धापा टाकत गाठलं. “माझं नाव घ्यायचं होतंस,” मी म्हणालो.

“घेतलं असतं,” ती म्हणाली. “मग उद्यापासून लोकांनी सगळे कागद सरळ तुमच्याकडेच आणून दिले असते.” आणि चालायला लागली.

तिसऱ्या दिवशी गॉगलवाल्यांचा माणूस घड्याळ न्यायला आला. मी दिलं. त्याने जाताना एक पाकीट काचेवर ठेवलं. “वहिनींना द्या, साहेब.”

“मी फक्त घड्याळं घेतो,” मी म्हणालो. “त्या इथेच आहेत, त्यांच्या हातात द्या.”

ती खरंच तिथे होती. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून सभेचं इतिवृत्त तपासत होती, पहिल्या पानापासून. ‘न वाचता सही केली’ हे वाक्य आता कायमचं त्यात राहणार होतं आणि पुढच्या निवडणुकीत कुणाच्या तरी पत्रकावर छापून येणार होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तिने पाकीट घेतलं, बाजूला ठेवलं आणि वाचत राहिली. तिचा उजवा पाय एकसारखा हलत होता. तो टेबलाला लागून माझ्या तबकडीतले बारीक स्क्रू थरथरत होते. अशाने काम होत नाही. मी डोळ्याचं भिंग काढलं आणि तिचं वाचून होईपर्यंत बसून राहिलो.