दोन मापटी भाजी

आमच्या गल्लीने एकदा सलग तीन दिवस हरबऱ्याची भाजी खाल्ली. त्याला मी आणि लातूर जिल्हा असे दोघेच जबाबदार आहोत.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत यांची बदली झाली आणि मी निलंग्याजवळच्या खेड्यातून थेट जिल्ह्याच्या ठिकाणी नांदायला आले. निघताना अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, दोन वस्तू दिल्या: वाळवलेल्या हरबऱ्याच्या पाल्याचं गाठोडं आणि अर्ध्या शेराचं पितळी मापटं. गाठोडं घेतलं, मापटं गुपचूप माहेरच्या फळीवर ठेवून आले. जिल्ह्याच्या बाईने मापट्याने मोजायचं म्हणजे काय! (जिल्हा होऊन जेमतेम काही महिने झाले होते, माझा तोरा मात्र निजामाच्या वारसाचा.)

त्या साली पावसाने दडी मारली. बाजारात वांगंसुद्धा दिसेना. अव्वाने आदल्या हिवाळ्यात एकेक शेंडा खुडून सावलीत वाळवलेला तो पाला, हीच आमची वर्षाची भाजी.

अशात यांनी कचेरीतल्या सहा जणांना जेवायला बोलावलं. किती भाजी लागेल, म्हणून मी अव्वाला पत्र टाकलं. वडिलांच्या अक्षरात तिचं उत्तर आलं: आठ माणसाला दोन मापटी बास, हातानं चुरून मोज.

मापटं फळीवर! पण मी मॅट्रिक झालेली. मापटंभर ज्वारी अर्धा किलो भरते, म्हणजे दोन मापटी भाजी एक किलो. हिशोब सरळ होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून तराजू मागून आणला, एका पारड्यात किलोचं वजन टाकलं, दुसऱ्यात पाला. वजनाचं पारडं हलेना. आणखी टाकला, आणखी टाकला. अख्खं गाठोडं रिकामं झालं तेव्हा कुठे काटा सरळ झाला. शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मला अव्वाचं कौतुक वाटलं, काय मोजून दिलंय म्हणून!

भाजी शिजू लागली तशी वाढू लागली. मोठं पातेलं भरलं. शेजारणीचं आणलं, तेही भरलं. मग बादली (पाण्याची, धुण्याची नव्हे). हे कचेरीतून आले आणि दारातच थबकले.

"मी सहाच जण बोलावलेत," ते शांतपणे म्हणाले. "अख्खी कचेरी न्हाई."

पाहुणे जेवून गेले, मग गल्ली जेवू लागली. दुष्काळात फुकटच्या भाजीला कुणी नाही म्हणत नाही. तिसऱ्या दिवशी पातेल्याच्या बुडाशी जेमतेम एका माणसापुरती उरली, आणि एसटीतून उतरून अव्वा दारात उभी! पदराखालून तिने मापटं काढलं. "फळीवर विसरलीस म्हून आणलं."

पाणी पिऊन झाल्यावर ती जरा संकोचून म्हणाली, "थोडी भाजी देशील का गं परत? औंदा हरबरा उगवलाच न्हाई. व्हती तेवढी समदी तुलाच बांधली."

मला रडू फुटलं. रडत रडत मी तराजूपासून बादलीपर्यंत सगळं सांगितलं. ती पदर डोळ्याला लावून हसत राहिली. मग म्हणाली, "गल्ली जेवली नव्हं? मग वाया कुठं गेली." आणि बुडाशी उरलेली भाजी भाकरीवर घेऊन, बोटं चाटून खाल्ली. तिच्या वाट्याला तेवढीच आली, हे मला अजून खुपतं.

अव्वा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तिची आठवण यायला हरबऱ्याचा नुसता वासही पुरतो. परवा बाजारात वाळली भाजी दिसली. घेऊन आले, हातानं चुरली, आणि अव्वाच्या मापट्याने दोन मापटी अगदी काटेकोर मोजली. जन्मात पहिल्यांदा माप चुकलं नाही. भाजी बरोबर आठ माणसांची झाली.

घरात आम्ही दोघंच असतो.