शाळेतल्या जिमपुढची चपलांची रांग

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत ओपन जिम आली, तेव्हा तिचा पहिला उपयोग मी केला. दोन गोधड्या वाळत घातल्या. शाळेला कुंपण नाही, आमचं परसू संपतं तिथं शाळेचं मैदान सुरू होतं, आणि ऊन तिकडंच चांगलं पडतं.

पिवळी-निळी लोखंडी यंत्रं. एक कंबर फिरवायची चकती, एक दोन्ही हातांनी फिरवायचं चाक, आणि एक हवेत चालायचं: दोन लोंबत्या फळ्यांवर उभं राहून पाय मागेपुढे झुलवायचे. पोरांचा सगळा जीव त्या हवेत चालण्यावर. एका वेळी चौघं चढायची. एकाची हनुवटी फुटली आणि बाईंनी सगळ्या यंत्रांना सुतळी गुंडाळली. वर्ग चार आणि शिक्षक दोन, लक्ष ठेवणार कोण?

बाई एकदा माझ्या गोधडीकडे बघत म्हणाल्या, "आजी, तुम्ही तशाही इथंच असता. मधल्या सुट्टीत जरा पोरांकडे बघाल का? म्हणजे मला सुतळी सोडता येईल."

"शिट्टी देत असाल तर बघते," मी म्हटलं.

आता व्यायामाशी माझं नातं सांगण्यासारखं नाही. नेरळला माहेरी असताना कवायतीच्या तासाला नेमकं माझं पोट दुखायचं. सार्वजनिक नळावर मात्र मी पहिलवान. अंगावर मांस नाही, दोन शेपट्या, आणि आवाज असा की माथेरानला ऐकू जावा. पहाटे उठून रांगेत हंडा ठेवायची आणि परत जाऊन झोपायची. पाणी यायच्या वेळेला डोळे चोळत यायची, "माझा नंबर कवाच लागलाय" म्हणत पुढे घुसायची. कधी कधी हंड्याला पाय फुटून तो आपोआप पुढेही सरकलेला असायचा. ती टवळी आज भेटली तर मी तिचा कान पिळीन. पण रांगेचं जे काही शहाणपण माझ्यापाशी आहे, ते तिचंच.

तेच मी शाळेत चालवलं. सुट्टीची घंटा झाली की चपला काढायच्या, यंत्रापुढं रांगेत ठेवायच्या आणि निवांत खिचडी खायला जायचं. चप्पल तुझी जागा धरते. ढकलाढकली नाही, भांडण नाही. एकानं झुलायचं, पुढच्यानं मोठ्यानं पाढा म्हणायचा. पाढा संपला की खाली उतर. पाढा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून झुलणारे वरून तोंडं वेडावून दाखवायचे आणि म्हणणाऱ्याला मुद्दाम हसवायचे. जिवाभावाची मैत्रीण वर असली की सतराचा पाढा निघायचा, तोही लांबवून लांबवून. बाई खूश. "आजी, जिमनं पाढे पाठ झाले हो!" मी शिट्टी पदराला पुसून गळ्यात मिरवायची.

वाडीवरची एक मुलगी, चौथीतली, रोज व्हरांड्याच्या खांबाला टेकून बघत असायची. एकदा मी विचारलं, "काय गं, तुला नाय झुलायचं?"

"मना नाय आवडत."

नसेल आवडत, मी म्हटलं. मला तरी कुठं आवडायचं! तेवढ्यावर विषय मिटवला.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी, एका दुपारी चपलांच्या रांगेत एक दगड दिसला. नदीतला, गुळगुळीत, धुऊन आणलेला.

"आजी, दगडाचा नंबर लागलाय!" पोरं ओरडली.

"कोनाचा रं ह्यो?"

पोरं एकमेकांकडे बोट दाखवायला लागली. आणि माझ्या जिभेला तर हाड कधीच नव्हतं. "दगडाला कसला रं व्यायाम? तो आधीच टणक हाय!"

काय हसली पोरं! मीही हसले. एकानं दगड पायानं उडवला, तो चकतीखाली जाऊन पडला. मी शिट्टी मारली, मागची चप्पल पुढे आली.

संध्याकाळी भाकरी कुस्करता कुस्करता माझी तिसरीतली नात म्हणाली, "आजी, तो दगड त्या वाडीवरच्या ताईचा होता. तिला चप्पलच नाय ना."

एवढे दिवस ती माझ्यासमोर उभी होती. मी रांगेतल्या चपला बघत होते. तिच्या पायांकडे काही माझी नजर गेली नव्हती. जागा धरायला तिनं आपल्या परीनं एक वस्तू शोधली, धुतली, सगळ्यांच्या देखत ठेवली, आणि मी तिच्यावर विनोद केला. विनोद चांगला जमला होता, हे तर आणखी वाईट.

दुसऱ्या दिवशी चपलांचा नियम मोडीत काढला. बाईंना म्हटलं, वर्गवार गट करू, शिट्टी झाली की गटानं पुढच्या यंत्रावर जायचं, कुणी काही ठेवायचं नाही. इथवर ठीक होतं. पण मला कुठला दम! भरल्या मैदानात मी हाक मारली, "ये गं बाय माझी, आज पहिली पाळी तुझी!"

सगळ्यांनी वळून आधी तिच्याकडे आणि मग तिच्या पायांकडे पाहिलं. तिनं एक पाय दुसऱ्या पायामागे लपवला. "मना नाय आवडत, सांगलं ना," म्हणाली आणि पाण्याच्या टाकीमागे निघून गेली. सुट्टी लागेपर्यंत ती मैदानात उतरलीच नाही.

दिवाळी झाली की वाडीवरची बरीच घरं वीटभट्टीवर कामाला जातात. टेंपोत भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं एकदम. शाळा उघडली तेव्हा तिची जागा रिकामी होती.

नवी पद्धत मात्र झकास चालली. मोठे साहेब शाळा बघायला आले, पोरांना शिट्टीवर यंत्रं बदलताना पाहून त्यांनी विचारलं, "ही कल्पना कुणाची?" बाईंनी मला पुढे केलं. टाळ्या झाल्या. खाली बघावं, चार शब्द खरे सांगावे, असं मनात आलं होतं. मी हात जोडले आणि पेढा घेतला. गोड लागला नाही, पण खाल्ला पूर्ण.

घरी येताना नात म्हणाली, "आजी, ती ताई परत आली की पहिली पाळी तिची ना?"

"पहिली नको गं. पहिली दिली की सगळे बघतात. मधली देऊ, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी."

"बरं," नात म्हणाली आणि पुढे पळाली. भट्टीवरची माणसं परततात पावसाच्या तोंडावर, आणि आमची शाळा चौथीपर्यंतच आहे, हे मी तिला सांगितलं नाही.