मामांची तपासणी

माझ्या बायकोच्या मामांनी एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात पसंत केल्याचं आमच्या अख्ख्या गोतावळ्यात कुणी पाहिलेलं नाही. वागळे इस्टेटमधल्या गिअरच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर ते खातं डोंबिवलीच्या घरी आणलं. पोळी गोल नसली की रिजेक्ट, चहा पातळ झाला की रिजेक्ट. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी मला चष्म्यावरून नीट न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत शेरा मारला, "रीवर्क. मटेरियल बरं आहे, फिनिशिंग नाही." लग्न झालं, पण शेरा बावीस वर्षं कायम राहिला.

अशा माणसाला काचबिंदू झाला. नजर कडेकडेने कमी होत होती, पण त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. दाराला खांदा आपटला की दारच रिजेक्ट. शेवटी मामींनी मला सोबतीला देऊन त्यांना ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. तिथे एका यंत्रात तोंड घालून बसायचं आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मामांनी ठिपक्यांचा ठेका ओळखला आणि दिसो न दिसो, ठेक्यावर बटण दाबत राहिले. बाहेर आले ते पेपर सोपा गेल्यासारखे.

डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "काका, ठिपका नसतानाही तुम्ही बटण दाबलंय. हा रिपोर्ट धरता येणार नाही. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची, तर मला खरं कळायला हवं."

मामांचा चेहरा उतरला. चौतीस वर्षांत त्यांनी एकही खोटा रिपोर्ट दिला नव्हता, आणि पहिला दिला तो स्वतःचाच. मला फार वाईट वाटलं, पण ते दाखवायची माझी छाती नव्हती. बाहेरच्या बाकावर येऊन ते मला म्हणाले, "पुन्हा घ्या म्हणावं." या वेळी कागदावर कडेचा बराच भाग काळा उमटला. तो त्यांनी फिरवून फिरवून पूर्ण पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मामा कामाला लागले. थेंबांच्या पहिल्या बाटलीला एक रबरबँड, दुसऱ्या बाटलीला दोन. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जायला हवीत, तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. जिन्याच्या पायऱ्यांना पिवळी पट्टी. पांढरा भात दिसावा म्हणून काळी ताटली.

"काळ्या ताटात जेवतं का कुणी?" मामी म्हणाल्या.

"मी जेवतो," मामा म्हणाले आणि जेवले.

परवा पुन्हा तपासणी झाली. नजर होती तिथेच थांबली होती. बाहेर रस्ता ओलांडायला मी सवयीने त्यांचा हात धरला.

"ओढू नकोस. तू कोपर दे, मी धरतो. अर्धं पाऊल पुढे राहा, आणि पायरी आली की आधी सांग."

ठाण्याच्या त्या फुटपाथवर त्यांनी मला चार वेळा मागे नेऊन पुन्हा चालायला लावलं. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. पाचव्या वेळी आम्ही पलीकडे पोचलो. रस्ता संपला तरी मामांनी कोपर सोडलं नाही.

"पास," ते म्हणाले.

मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो. त्या बाजूचं आता त्यांना काही दिसत नाही. माझे डोळे भरून आले होते, ते मी सावकाश पुसून घेतले.