अलंकारबाई

अंगावर सोन्याचा मणी नाही, पण शाळेत सगळे त्यांना अलंकारबाईच म्हणायचे. मराठीच्या तासाला अलंकार आले की बाईंच्या अंगात यायचं. ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ आला की उत्प्रेक्षा. मुलांच्या डोक्यात ते इतकं पक्कं बसायचं, की संसाराला लागलेला जुना विद्यार्थी बाजारात भेटला तर आधी उपमा म्हणून दाखवायचा आणि मग ख्यालीखुशाली विचारायचा.

खोड घरीही सुटेना. लेक लहानपणी मैत्रिणीशी भांडून फुरंगटून आली, की बाई तिला मांडीवर घेऊन विचारायच्या, तुझ्या गोष्टीत पात्रं कोण कोण, प्रसंग कुठे घडला, संघर्ष कशावरून? पोर हुंदके देत सांगायची आणि शेवटापर्यंत येता येता खुदकन हसायची. बाईंना वाटायचं, काय छान जमतंय आपल्याला. तेव्हा खरंच जमत होतं.

पुढे लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. जावई कामापायी सतत बाहेर, आणि घरात असला तरी तोंडात मिठाची गुळणी. एका दुपारी तिचा फोन आला. बाई शिक्षकांच्या खोलीत सहामाहीचे पेपर तपासत होत्या. लेक म्हणाली, "आई, घर खायला उठतं गं."

दुसऱ्या कुठल्याही आईच्या काळजात चर्र झालं असतं. आमच्या बाई म्हणाल्या, "वा! चेतनगुणोक्ती." वर शेजारच्या गणिताच्या सरांना ऐकवलं, बघा, लेक कुणाची आहे! काय म्हणावं या बाईला? लेक पलीकडून थोडंसं हसली, पेपर किती राहिलेत ते विचारलं आणि फोन ठेवला.

त्यानंतरही तिचे फोन चुकले नाहीत. पण बोलणं काय, तर जेवले, बरी आहे, ऊन फार आहे. बाईंनी समजूत करून घेतली की पोर संसारात रमली, तिला बोलायला सवड कुठली.

मग एकदा बाईंची धाकटी बहीण घरी आली. शिवणकाम करणारी, मोकळ्या तोंडाची. बोलता बोलता म्हणाली, पोरीला नोकरी लागली ते बरं झालं, एकटीनं राहायचं म्हणजे हातात काहीतरी हवंच. बाईंनी विचारलं, कसली नोकरी, आणि एकटी का म्हणून? ताईला यातलं काहीच ठाऊक नाही, हे बहिणीच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. लेक नवऱ्यापासून वेगळी होऊन निम्मं वर्ष उलटलं होतं, आणि ती रोज मावशीला फोन करून मन मोकळं करत होती.

दुसऱ्या दिवशी बाई बसनं लेकीकडे गेल्या. भाड्याची एकच खोली, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेले कपडे. लेकीनं खुर्ची आईला दिली आणि चहा टाकला. ती रागावलेली दिसेना. चार शब्द सुनावले असते तर बाईंना सोसलं असतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं की तू तपासतेस गं, आई. मावशी नुसती ऐकते."

बाईंचे डोळे भरून आले. असं नको व्हायला होतं, एवढंच त्यांच्या मनात घोळत राहिलं. पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आता सांग. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

लेकीनं चहा गाळला, कप आईच्या हातात दिला.

"आता सांगून झालंय गं सगळं," ती म्हणाली, आणि साखर पुरे का ते विचारलं.