राणीच्या आधीची गोष्ट

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधीच माफ करा. चौथीत शाळा सुटली, नंतर लिहिणं सहीपुरतंच राहिलं.

वलवणला सुट्टीचे पाहुणे उतरतात, त्या बंगल्यांवर मी चादरी बदलायला जाते. दुपारी सून झोपली की तिच्या फोनवर गोष्टी वाचायचे. परीलोकाची एक मोठी कादंबरी होती. त्या पऱ्या चांगल्या नव्हेत; आपल्या पाण्यातल्या आसरांसारख्या, चुकलं की धरणाऱ्या. त्यांची राणी माणसांच्या मुली पळवून राबवायची. मला तिचा फार राग यायचा. कादंबरी संपली आणि खाली त्या राणीचीच आधीची गोष्ट निघाली, छोटीशी, सतरा भागांची. त्यात ती साधी पोर होती, पऱ्यांच्या महालात अंथरुणं घालणारी. चादरीला सुरकुती राहिली की तिला उपाशी ठेवायचे. हिला एवढं वाईट कुणी केलं, ते मला कळायलाच हवं होतं.

पहिला भाग तसाच उघडला. पुढच्या प्रत्येक भागावर कुलूप. त्यावर बोट ठेवलं की फोन अंगठा मागायचा. अडीनडीला फोन करता यावा म्हणून सुनेनंच माझा अंगठा त्यात घालून ठेवला होता. रेशनच्या दुकानातही हल्ली अंगठा लावतात, धान्याचे पैसे पडत नाहीत. मला वाटलं, मीच आहे ना, एवढंच फोन विचारतोय. पंधरा वेळा लावला. कुणाला विचारलं नाही, कारण मग काय वाचते ते सांगावं लागलं असतं.

सोळाव्या भागात महालातल्यांनी तिला एक कंगवा दिला, तिनं तो घेतला. त्यांचं काही घेतलं की माणूस त्यांचंच होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सून नातीच्या शाळेच्या गाडीचे पैसे फोनवरून भरायला गेली, तर तिच्या खात्यात नऊशे कमी.

"आई, पंधरा वेळा अंगठा लावलात, दर वेळी साठ रुपये गेले. एकदा तरी विचारायचं."

मुलगा जेवत होता. "आये, या वयात पऱ्या व्हय? पंख फुटले की सांग. बंगल्यावर उडत जाशील, रिक्षाचं भाडं वाचंल."

नातसुद्धा हसली.

"मला कळलं न्हाई," मी म्हटलं.

"चौथीपतुर गेलतीस नव्हं?"

सुनेनं तिथंच माझा अंगठा फोनमधून काढून टाकला. म्हणाली, "आता वाचायचं असलं की मला सांगा, मी उघडून देईन." मी कधी सांगितलं नाही. सतरावा भाग कुलपातच आहे.

दर रविवारी सुनेला शंभर देत गेले आणि कॅलेंडरवर खूण करत गेले. काल शेवटची नोट तिच्यापुढं ठेवली.

"राहू द्या हो आई, घरातलेच तर पैसे."

"खुणा मोज," मी म्हटलं.

तिनं बोट ठेवून मोजल्या. नऊ भरल्या. तिचे नऊशे रुपये पुरे फिटले.